मावशीचा कॉम्प्युटर लॅपटॉपमध्ये शिरला, पण...

मागच्या बुधवारी तुर्भ्यात माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

सुनंदामावशी ही आईची साताऱ्याची मैत्रीण. तुर्भ्यात एका गाळ्यात तिचं एम्ब्रॉयडरीचं मशीन आहे. आपल्याकडच्या हळदी तुम्हाला माहीतच आहेत, घरातल्या झाडून सगळ्या बायकांना एकसारख्या साड्या आणि ब्लाउजच्या पाठीवर नवरीचं नाव! ती नावं मावशी करते. नाव आधी कॉम्प्युटरवर डिझाइन करायचं, मग मशीन ते शिवतं.

सोमवारी तो जुना कॉम्प्युटर कायमचा बसला. मी आयटीवाला, त्यामुळे फोन मलाच. मी एकदम रुबाबात, "मावशी, टेन्शन नको! गेल्याच महिन्यात मी त्याची आख्खी इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, घेऊन ठेवलीये. तीच लॅपटॉपमध्ये व्हर्च्युअल मशीन म्हणून चालवू."

म्हणजे लॅपटॉपच्या पोटात तिचा जुना कॉम्प्युटर जसाच्या तसा, वॉलपेपरवरच्या खंडोबासकट. वर मीच म्हणालो, "तो डबा भंगारात देऊन टाक. गाळ्यात पाय ठेवायला जागा नाही, किती कचरा जमवतेस!" बुधवारी सकाळी तिने तो दिला.

दुपारी मी तिच्या गाळ्यात कामाला बसलो. आधी निळा स्क्रीन... जुन्या विंडोजला नवं हार्डवेअर ओळखीचं वाटेना. ड्रायव्हर बदलून ते मार्गी लावलं. मग खंडोबा दिसले आणि मी मनातल्या मनात भंडारा उधळला.

डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडलं आणि एक छोटी चौकट आली. लॉक सापडत नाही.

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. अशी जुनी महागडी सॉफ्टवेअर एका लॉकवर चालतात. पेनड्राइव्हसारखं दिसतं, कॉम्प्युटरच्या मागे खोचलेलं असतं, ते नसेल तर सॉफ्टवेअर उघडतच नाही. इमेजमध्ये डिस्कवरचं सगळं येतं, पण मागे खोचलेली वस्तू कशी येणार? हे मी दहा जणांना शिकवलंय, आणि स्वतः डब्याच्या मागे एकदा वाकून पाहिलं नव्हतं!

तेवढ्यात दिवाळे गावाहून नवरीच्या आईचा फोन. मावशीने स्पीकरवर घेतला. "ताई, परवा हलद हाय आमची. पोरीचा नाव झाला का नाय?"

"व्हतंय, व्हतंय," मावशी म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली. मला हसताही येईना. लग्नसराईत दुसरं कुठलं मशीन रिकामं मिळणार नव्हतं, आणि ती कंपनी बंद पडलेली, म्हणजे नवीन लॉकही नाही. हळदीच्या घरात मावशीचा शब्द पडला असता, तोही माझ्यामुळे.

तिला खरं सांगायची हिंमत झाली नाही. "केबल घेऊन येतो" म्हणालो आणि स्कूटर काढून भंगारवाल्याकडे सुटलो. ट्रकच्या गर्दीतून जाताना जेवढे देव आठवले तेवढ्यांची नावं घेतली.

"साहेब, डबा तर कधीच तोडला," तो म्हणाला. "पण मागे कायच लटकत नव्हतं. आपुन बघूनच घेतो ना."

म्हणजे लॉक वाटेत कुठेतरी पडलं... तसाच परत आलो. मावशीने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि मी शेवटी सगळं ओकलो.

ती हळूच म्हणाली, "निळं व्हतं का रं? बोटाएवढं?"

ती उठली. गाळ्यातल्या छोट्या देव्हाऱ्यात लक्ष्मीच्या फोटोमागे हात घालून तिने ते काढलं. लॉकच! वर हळदीकुंकू.

"बैल इकला तरी गळ्यातलं दावं देत न्हाईत बाबा," ती म्हणाली. "ह्या डब्यानं माझी दोन पोरं शिकवली. सगळाच कसा दिऊ? हातात आलं ते उपसून ठिवलं. तू हसशील म्हून बोलले न्हाई."

कुंकू पुसून ते लॅपटॉपला लावलं, सेटिंगमध्ये जाऊन व्हर्च्युअल मशीनच्या ताब्यात दिलं... आणि सॉफ्टवेअर उघडलं. संध्याकाळी मशीनची सुई चालू झाली, तेव्हा मला खरंच रडू आलं. मावशीने ते बघून न बघितल्यासारखं केलं.

मी हसेन म्हणून ती गप्प, ती घाबरेल म्हणून मी गप्प. तुर्भेभर फिरलो, आणि वस्तू माझ्यापासून चार हात लांब!

शुक्रवारी दिवाळ्यात हळद जोरात झाली. इमेज कशी घ्यायची ते मला येतं, मान्य... पण मावशीने माझं सगळंच्या सगळं ऐकलं नाही, म्हणून वाचलो.