उत्क्रांतीच्या धड्याला आमेन

बेंबळीच्या शाळेत आमचे शांतवन मास्तर विज्ञान शिकवतात आणि रविवारी चर्चमध्ये उपदेश करतात, कारण पाळकसाहेब महिन्यातून एकदाच उगवतात. मी त्याच शाळेत मराठी शिकवतो आणि मला या माणसाचा राग येतो. दोन्हीकडं सारखाच रंगून बोलतो. माझ्या तासाला पोरं जांभया देतात.

परवा दहावीच्या उजळणीत त्यांनी उत्क्रांती घेतली. माणूस आणि माकड यांचा पूर्वज एकच, इथपर्यंत गाडी रुळावर होती. शेवटी खडू ठेवून, डोळे मिटून हा बाबा उपदेशाच्या सवयीनं म्हणाला, "आमेन!" पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला. शाळा सुटायच्या आत बातमी भिमाबाईंच्या ओट्यावर पोचली.

भिमाबाई म्हणजे मास्तरांची आत्या. आईविना पोर तिनंच वाढवलं, बायबलावर बोट ठेवून अक्षरं शिकवली. ती कडाडली, "माकडाच्या धड्याला आमेन? आता तू उपदेशाला हुबा ऱ्हायलास तर मी चर्चमधी पाऊल टाकणार न्हाय!"

मास्तरांचा चेहरा उतरला. पहिल्या बाकावर आत्या नसली की त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. मी त्यांच्या घरी चहाला गेलो तेव्हा मास्तर तिची समजूत घालत होते.

"आत्या, हे भांडण लई जुनं हाय. हा सिद्धांत आला तवा विलायतेतले काही पाद्री खवळले. काही म्हनले, बरंच झालं, जीव आपले आपन बदलत जातील असं देवानं केलं, ही तर त्याची मोठी करामत. अमेरिकेत हाच धडा शिकवला म्हनून एका मास्तरला कोर्टात उभं केलं. रोमचे पोप लई वर्षांनी म्हनले, शरीर कुठनं आलं त्याचा शोध घ्या, आत्मा मात्र देवाचा."

"मंग शेवटी एकमत झालं?"

"आजून न्हाय."

"मंग मलाच कशाला घाई करतूस?" म्हणत तिनं कपबशा उचलल्या.

पुढच्या रविवारी कापणीचा सण होता. घरोघरचं पहिलं पीक चर्चमध्ये ठेवतात, त्यात पहिली पेंढी आत्याची, असा रिवाज. मीही मागच्या बाकावर होतो. भक्ती वगैरे काही नाही, सणाच्या जेवणातला रस्सा झकास असतो.

पहिला बाक रिकामा. मास्तर उठले, "देवानं मातीतून माणूस घडवला," एवढं म्हणाले आणि अडकले. मंडळी चुळबुळ करू लागली.

तेवढ्यात डोक्यावर ज्वारीची पेंढी घेऊन आत्या दारात उभी.

"शांत्या, देवाला मानूस घडवाय किती वर्षं लागली म्हनतूस?"

"लाखो, आत्या."

"तू सातव्या महिन्यात झालास, मुठीएवढा. तुला वाढवता वाढवता माझी केसं पिकली. एका पोराला मला येवढा टाइम लागला. देवाला समद्यांचं करायचं व्हतं, त्यानंबी दम धरला आसंल."

तिनं पेंढी ठेवली, पहिल्या बाकावर बसली आणि पदर सारखा केला. "हां, आता बोल."

मास्तरांना कुठलं बोलता येतंय! ते पेंढीच सरळ करत बसले. पण कुणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं.

मीच मागून ओरडलो, "आमेन!"