न झिजलेली जोड

आमच्या गावच्या वेतोबाला चपला वाहतात. साध्या नव्हेत, हातभर लांबीच्या, जाड चामड्याच्या. देव रात्री गावाच्या शिवेवरून फेरी मारतो आणि चालून चालून चपला झिजतात, असं सगळे मानतात. देवळात झिजलेल्या जोड्या मांडून ठेवलेल्या आहेत. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. दमट हवा, कसर आणि उंदीर यांच्यापुढे कुठलं चामडं टिकतं, असं माझं मत. ते मी नको तिथेही ऐकवतो, त्यामुळे लग्नकार्यात लोक माझ्या शेजारची खुर्ची टाळतात.

मला पुरून उरणारे एकटे भावोजी, माझ्या ताईचे यजमान. ते मालवाहू बोटीवर आहेत. भर समुद्रात रिकामा वेळ बराच, म्हणून मोबाईलवर अमेरिकेतल्या बिगफूट नावाच्या वानरमाणसाचे व्हिडिओ साठवून ठेवतात आणि बंदर आलं की मला पाठवतात. झाडीतून काहीतरी केसाळ, काळपट जाताना दिसतं आणि कॅमेरा नेमका तेव्हाच हलतो. खाली भावोजींचा प्रश्न, "मगे? ह्येका काय म्हणतलंस?" मी लिहायचो, हाड दाखवा, दात दाखवा, निदान शेण तरी दाखवा. जंगलात मेलेला एकही सापडू नये? त्यावर त्यांचं उत्तर तयार असायचं. ते लाजाळू आहेत, आपल्या मेलेल्यांना पुरतात, पावसाने ठसे पुसले. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. इथे कांकणाचाच पत्ता नाही आणि आमचं भांडण आरशावरून. शेवटी ते लिहायचे, "गावात ऱ्हवान वेतोबाच्या चपलांक नाय म्हणतंस, थंय अमेरिकेत तुका कोण पुसता?"

गेल्या पावसाळ्यात त्यांचे निरोप बंद झाले. आधी आम्ही मनावर घेतलं नाही. मग ठरलेल्या बंदरातूनही फोन आला नाही. कंपनीच्या मुंबईच्या माणसाने सांगितलं, संपर्क होत नाहीये, काळजी करू नका. हे वाक्य ऐकून कोणाची काळजी कमी झाली असेल तर मला भेटवा. ताईला जेवण जाईना.

भावोजी बोटीवर निघाले की ताई वेतोबाला एक जोड वाहते. ते परतायच्या आधी देवळात जाऊन तिचे तळ बघून येते. झिजलेले दिसले की देव त्यांच्या मागे फिरतोय, असं समजून निर्धास्त होते. या खेपेला ती मला बरोबर घेऊन गेली. पुजाऱ्याने जोड आणून तिच्या हातात दिली. ताईने ती उलटी केली आणि तिचा चेहरा उतरला.

"एक ओरखडो नाय रे. ह्या खेपेक तो चललोच नाय."

खरं कारण समोरच होतं. देवळात नवी लादी बसवली होती आणि जोड उंच फळीवर ठेवली होती. उंदीर पोचणार कुठून? पण ते सांगितलं असतं, तर आजवरच्या सगळ्या झिजलेल्या जोड्या एकदम खोट्या पडल्या असत्या, आणि त्यांच्याबरोबर भावोजींच्या आजवरच्या सुखरूप फेऱ्याही. निदान ताईच्या लेखी तरी.

"पावसात माती मऊ आसता गो," मी म्हणालो. "मऊ मातीत चामडा खंय झिजतला?"

बोलता बोलताच कळलं की मी भावोजींसारखाच बोलतोय. पुरावा नाही, तर तो का नाही याची सबब तयार. तेवढ्यावर भागलं नाही. मी चपला हातात घेतल्या, उजेडाकडे धरल्या आणि टाचेपासून अंगठ्यापर्यंत पुन्हा निरखल्या. एक तरी ओरखडा सापडावा, असं मला मनापासून वाटत होतं. आयुष्यभर ज्या गोष्टीला हसलो तीच मी शोधत होतो.

"ठेव ती," ताई म्हणाली. "तुका खोटा बोलूक येणा नाय. माका तेंचो आवाज होयो, दुसरा काय नको."

आवाज आला, पण पुढच्या आठवड्यात. बोटीवरची संपर्काची यंत्रणा बंद पडली होती आणि वादळामुळे त्यांना वाट वाकडी करावी लागली होती. ताई फोनवर रडली, हसली, परत रडली. वेतोबा चालला की नाही, हा विषय घरात कोणी काढला नाही. मीही नाही.

नवरात्रानंतर भावोजी घरी आले. रिक्षातून उतरले, बॅगा दारापुढच्या खळ्यात ठेवल्या. ताई दारातून पुढे झाली आणि तिने त्यांचा दंड धरला. मग खांदा, मग गाल चाचपला. बाजारात पपई दाबून बघावी तसं चाललं होतं. भावोजी संकोचले, माझ्याकडे बघून हसू लागले.

"तुमी आसात मां?" तिने विचारलं.

"आसंय गो," ते म्हणाले. "ह्यो काय, आसंय."

ताईने हात काढला नाही.