समुद्र सांगणारी मुलगी

निवृत्त होऊन काही वर्षं झाली. पुष्कळ केसेस आता डोक्यात एकमेकींत मिसळल्या आहेत. कोणता चोर कोणत्या घरफोडीतला हे सांगताना माझी गडबड होते. एक केस मात्र जशीच्या तशी आठवते, आणि गंमत म्हणजे तिच्यात चोरी नव्हती, मारामारी नव्हती, धड गुन्हाही नव्हता. बेंगळुरूतल्या बनशंकरी भागात माझ्या घरी संध्याकाळी कॉफी घेऊन गॅलरीत बसलो की ती आठवते आणि मग थोडा वेळ मी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर असतो. मी मेक्सिकोला कधी गेलेलो नाही. या हकिकतीतलं आमच्या इकडचं कुणीच गेलेलं नाही.

नावं कुणाचीच सांगणार नाही. ती माणसं आहेत, नांदती आहेत, त्यांना त्रास नको.

तेव्हा मी बेळ्ळंदूरच्या बाजूच्या एका पोलीस स्टेशनला होतो. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतलं. मराठी उंबऱ्याच्या आत, कन्नड उंबऱ्याबाहेर. त्यामुळे मराठी बोलणारा फिर्यादी आला की नोंदी लिहिणारा आमचा रायटर त्याला थेट माझ्या टेबलासमोर आणून बसवायचा. त्या संध्याकाळी त्याने तिघांना आणलं. निपाणीकडच्या एका खेड्यातून आलेले वडील, आई आणि चुलता. वडील गप्प, आई त्यांच्याहून गप्प. दोघांच्या वाटचं चुलताच बोलत होता.

"सायेब, आमच्या पोरीला कुणीतरी डांबून ठेवलंय. तिच्याकडनं खोटं वदवून घेत्यात."

मुलगी व्हाइटफील्डच्या एका कंपनीत नोकरीला होती. मेक्सिकोतल्या समुद्रकाठच्या एका आलिशान रिसॉर्टचं काम ती कंपनी इथे बसून करायची. पाहुण्यांची पत्रं वाचायची, त्यांना काय हवं-नको ते बघायचं, तक्रारीला गोड उत्तर द्यायचं. काही महिन्यांपूर्वी मुलीने घरी कळवलं की कंपनी तिला ट्रेनिंगसाठी थेट मेक्सिकोला पाठवते आहे. वडिलांनी गावभर सांगितलं. शाळेत जाऊन मास्तरांकडून नकाशावर जागा बघून आले. मुलगी रोज रात्री जेवणाच्या सुमारास इंटरनेटवरून फोन करायची, तिकडची सकाळ कशी आहे ते सांगायची. पुढे गावचा एक जण कामानिमित्त त्या कंपनीत गेला, तेव्हा कळलं की मेक्सिकोला कुणालाच पाठवलेलं नाही. मुलगी 'घरून काम' करते आहे. कुठल्या घरून, ते कुणाला ठाऊक नव्हतं. ती आधी राहायची ते मुलींचं वसतिगृह आमच्या हद्दीत, म्हणून तक्रार आमच्याकडे.

मी विचारलं, "घरी काही वाद? लग्नाचं वगैरे?"

चुलता खुर्चीत सरसावला. "वाद कसला? लगीन ठरलंय. माझ्या मेव्हण्याचा पोरगा. गेल्या साली आमची म्हातारी गेली. घरात मरण झालं की लगीन वर्साच्या आत करायचं, न्हाईतर तीन वर्सं थांबायचं. आता वर्साला किती दिस ऱ्हायलेत?"

हा रिवाज आमच्याकडेही आहे. दुखवट्याच्या घरात एरवी माणसं हळू बोलतात. उपवर मुलगी असली की मात्र भलतीच लगबग सुरू होते. मी मिसिंगची तक्रार नोंदवून घेतली, स्टेशन डायरीला नोंद केली. फोन इंटरनेटवरून येत असल्यामुळे टॉवर लोकेशन मिळेना, नेहमीचा नंबर बंद. मी म्हणालो, "स्वल्प थांबा. आज तिचा फोन येईल ना? इथेच घ्या."

फोन आला. आईने माझ्या सांगण्यावरून स्पीकर लावला.

असे फोन मी आयुष्यात पुष्कळ ऐकले. दबावाखाली बोलणारं माणूस ओळखू येतं. वाक्यं आखूड होतात, मध्येच श्वास अडकतो. ही मुलगी तशी नव्हतीच. ती निवांत सांगत होती. आज पहाटे पाणी अगदी स्थिर होतं, किनाऱ्याजवळ हिरवं आणि लांब गेलं की गडद निळं. झाडाला बांधलेल्या झोळ्यांवर दव पडलं होतं. कॅनडाचे एक आजोबा दरवर्षी बायकोबरोबर येतात, तीच खोली मागतात. यंदा एकटेच आलेत, तरी सकाळी व्हरांड्यात दोन कप मांडायला सांगतात. तिथला वाढपी पोरगा काही न बोलता दोन्ही कपांत कॉफी ओततो. दुसरा कप थंड होईपर्यंत आजोबा समुद्राकडे बघत बसतात.

स्टेशनमध्ये एरवी कोण शांतता ठेवतो? पण तेव्हा वायरलेसवरच्या पोराने आवाज बारीक केला. लॉकअपमधला पाकीटमारसुद्धा गजांना कान लावून उभा होता. बाहेर आउटर रिंग रोडवर भोंगे वाजत होते आणि आत आम्ही सगळे त्या व्हरांड्यात बसलो होतो. खरं सांगतो, मला ती मेक्सिकोतच हवी होती.

मग मुलगी सहज म्हणाली, "आई, तू उपास सोडलास का? मी थांबलेय अजून. ढग आहेत गं, चंद्र दिसत नाही."

आईचा हात झटकन फोनवर गेला. "बरं बरं. ठेव आता. हितं पाव्हणं हायत," म्हणाली आणि तिने फोन बंद केला.

त्या दिवशी संकष्टी होती. वडिलांना काही वाटलं नाही, चुलता तर रायटरशी हुज्जत घालण्यात गुंतला होता. आमच्यात पुरुषांना संकष्टीचा मोदक आयता मिळतो. चंद्र कधी उगवणार याची काळजी बायकांना. माझ्या मागे उभी असलेली महिला हेड कॉन्स्टेबल, जिला सगळं स्टेशन अक्का म्हणायचं, तीही संकष्टी करणारी. तिने माझ्याकडे पाहिलं. मेक्सिकोत त्या वेळी लख्ख सकाळ असणार. लख्ख सकाळी उपास सोडायला चंद्राची वाट कोण बघतं? मुलगी आमच्याच आभाळाखाली होती, बहुधा आमच्याच ढगांखाली.

मी आईकडे पाहिलं. ती पदराच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती. तिला कळलं होतं, आणि मला कळलंय हेही तिला कळलं होतं. मी तिघांना मुक्कामावर जायला सांगितलं.

दोन दिवसांत टीप आली. तलावाच्या बाजूला एक उंच इमारत आहे, तिथला वॉचमन आमच्या बीटवरच्या शिपायाच्या ओळखीचा. तो म्हणाला, वरच्या मजल्यावर एक फ्लॅट आहे, मालकीण बाळंतपणाला माहेरी गेली आहे, आत दुसरीच मुलगी राहते. दिवसभर पडदे बंद. कुणी येत नाही, जात नाही. रोज अंधार पडला की गच्चीवर येते आणि फोनवर समुद्राचं बोलते. "सार, ती उभी असते पाण्याच्या टाकीजवळ आणि सांगते लाटा आल्या. डोक्यावर परिणाम झालाय की कुणी कोंडलंय, बघा."

बाईमाणसाचा जबाब तिच्या राहत्या घरी, महिला पोलिसाच्या समक्ष घ्यायचा, हा कायदा. मी अक्काला बरोबर घेतलं. दोघं साध्या कपड्यांत गेलो.

दार मुलीने स्वतःच उघडलं. आतून कडी तिचीच, बाहेरून कुलूप नाही, अंगावर मारहाणीची खूण नाही, घरात दुसरं माणूस नाही. हे सगळं आधी बघून घ्यायचं असतं. पडदे बंद होते, कारण मेक्सिकोच्या दिवसाला आपली रात्र असते. ती रात्रभर काम करायची आणि दिवसा झोपायची. फ्लॅट तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा होता. टेबलावर लॅपटॉप, पडद्यावर एका पाहुणीचं पत्र उघडं.

"कुणाच्या सांगण्यावरून इथे आहेस?" मी विचारलं.

"माझ्याच."

"मित्र वगैरे?"

"असता तर तुम्हाला सोपं गेलं असतं ना, सर?" ती म्हणाली. पोरगी फटकळ होती. अक्का गालात हसली.

मी आवाज चढवला नाही. तीस वर्षांत एक कळलं होतं: खरं सांगायला घाबरणाऱ्या माणसाला त्याच्या कामाबद्दल विचारावं. मी तिला म्हणालो, त्या आजोबांचं काय झालं? दोन कपवाल्या?

तिचा चेहरा बदलला. आजोबा खरे होते. तिने सांगितलेलं एकूण एक माणूस खरं होतं. पाहुणे तिला लिहायचे, ती तिथल्या एका स्थानिक नावाने उत्तर द्यायची आणि तिथल्या नोकरांना निरोप पाठवायची. दोन कप मांडायची व्यवस्था हिनेच बेळ्ळंदूरहून केली होती. एका बाईला लाटांच्या आवाजाने झोप येत नव्हती, तिची खोली बागेच्या बाजूला बदलली. दुसऱ्या दिवशी बाईने लिहिलं, आता आवाज येत नाही म्हणून झोप येत नाही. कुठल्या खोलीत ऊन आधी येतं, कुठल्या पायरीवर वाळू साचते, ते तिला पाठ होतं. दूरच्या माणसांचे समुद्र वाचून वाचून तिने आपला एक समुद्र तयार केला होता. खरा समुद्र तिने पाहिलेला नव्हता, गोव्याचासुद्धा नाही.

"मग घरी खोटं का?"

"मी सरळ 'नको' म्हणून बघितलं, सर. मुलगा वाईट नाही. पण लग्नानंतर नोकरी सोडून गावात राहायचं, हे त्यांनी आधीच ठरवलंय. काकांनी शब्द दिलाय. 'नको' म्हटलं की आत्या येतात, मामी येतात, आई रडते. गावी गेले तर देवळात नेऊन एका दुपारीत अक्षता टाकतील. मला फक्त आजीचं वर्षश्राद्ध होईपर्यंत लांब राहायचंय. ते झालं की तीन वर्षं कुणी लग्नाचं नाव काढणार नाही. त्यांच्याच नियमाने."

नियम मोडून पळणारे पुष्कळ पाहिले होते. नियमाच्या आडोशाला उभं राहणारी ही पहिलीच. मग मी तिला चंद्राबद्दल सांगितलं.

"म्हणजे आईला कळलं?"

"आईनेच घाईने फोन ठेवला."

ती रडायला लागली. इतके महिने एकटीने धरून ठेवलेलं सगळं त्या एका गोष्टीने सुटलं. अक्काने तिच्या पाठीवर हात ठेवला. मी उगाच खिडकीचा पडदा सारून खाली तलाव बघत राहिलो. तलावावर सांडपाण्याचा नेहमीचा फेस आला होता. मावळतीच्या उजेडात तो काठाला लागत होता आणि क्षणभर मलाही लाटा आल्यासारखं वाटलं.

जबाब नोंदवला. सज्ञान आहे, स्वखुशीने राहते, पत्ता नातेवाइकांना देऊ नये. खाली तिची सही, साक्षीला अक्काची.

दुसऱ्या दिवशी तिघांना बोलावलं. मी सांगितलं, मुलगी सुखरूप आहे, तक्रार निकाली निघाली. चुलत्याने टेबलावर हात आपटला. "पत्ता द्या. आमची पोर हाय."

"तुमची आहेच. पण सज्ञान आहे. पत्ता मिळणार नाही."

"मी वरच्या सायबाकडं जाईन!"

"सरी, बरं. जिना बाहेर उजवीकडे आहे," मी म्हणालो. तो तावातावाने बाहेर गेला, वडील त्याच्या मागे खालमानेने गेले. आई उठायला वेळ लावत होती. पुरुष दाराबाहेर पडल्यावर ती हळूच म्हणाली, "सायेब, मला मागच्या संकष्टीलाच कळलं हुतं. तवाबी ती चंद्र उगवला म्हनली हुती."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? माझं लगीन सासऱ्याच्या वर्साच्या आत उरकलं. मी शाळेत हुते. मला कुनी इचारलं न्हाई." पदर नीट करत ती पुढे म्हणाली, "तिला सांगा, आल्यागेल्याचं बोलत जा, आभाळाचं नको. चुलता शेजारी बसलेला असतो."

मला वाईट वाटलं आणि तिचा अभिमानही वाटला, दोन्ही एकदम. निरोप मी त्याच दिवशी पोहोचवला. तो माझ्या ड्युटीत बसत नव्हता, आणि कुठल्या डायरीतही तो नाही.

पुढे आजीचं वर्षश्राद्ध झालं. नवऱ्या मुलाचं दुसरीकडे जमलं. एके दिवशी स्टेशनला वडिलांचा फोन आला. पहिल्यांदाच त्यांचा आवाज नीट ऐकला. म्हणाले, "सायेब, पोरीला सांगा, घरी ये. लग्नाचं कुनी काढनार न्हाई. मी भावाला सांगितलंय." मग म्हणाले, "गावाला मी अजून मेक्सिकोच सांगतोय. येताना स्वल्प ऊन लागल्यागत दिस म्हनावं." मी हसलो, तेही हसले.

या केसने मला काय शिकवलं? खोटं उघडं पाडणं हे आमचं काम, आणि ते मी आनंदाने केलं. पण चोर खोटं बोलतो ते सुटण्यासाठी. काही माणसं खोटं बोलतात ते थोडा वेळ मिळवण्यासाठी, आणि त्या वेळात घरातली बाकीची माणसं शहाणी होतात. खोट्यावर हात टाकण्याआधी त्याच्या आत कोण राहतंय, हे बघावं. नंतरच्या नोकरीत मी ते बघत गेलो.

मुलगी गावी जाऊन आली आणि मला फोन केला. मी विचारलं, आई रागावली का? म्हणाली, नाही. पहिल्याच संध्याकाळी भाकऱ्या थापताना आईने तिला जवळ बसवून घेतलं आणि म्हणाली, "हं, सांग. आज कोण आलंय तिकडं?"

"आई, मी तिथं नव्हतेच गं. सगळं खोटं होतं."

आईने तव्यावरची भाकरी उलटली. "तू नव्हतीस. पाव्हणं तर खरं हुतं न्हवं? त्या म्हाताऱ्याचं सांग. दुसरा कप कोन पितं शेवटी?"