एकतीस नंबरचा बिल्ला

सदर कर्मचारी: जीवरक्षक, श्रेणी दोन, जलतरण तलाव विभाग. वय छप्पन्न. उंची मध्यम, बांधा मध्यम, वर्तणूक समाधानकारक. ओळखीची खूण: गळ्यात दोन शिट्ट्या, दुसरी पहिली बिघडल्यास. सेवाकाल बावीस वर्षे. सेवाकालात घडलेल्या दुर्घटना: निरंक. विशेष कामगिरी: निरंक. शेरा: कर्मचाऱ्यास अवाजवी सावधगिरीची सवय असून तिचा इतरांस उपद्रव होतो.

शेरा चौकशी समितीने मारला, पण त्यात समितीचे स्वतःचे असे काही नव्हते. बावीस वर्षे सगळे हेच म्हणत होते, फक्त एवढ्या शुद्ध भाषेत नव्हे. तलावावर येणारे त्यांना हजेरीमास्तर म्हणायचे, पुढे नुसतेच मास्तर. घरी बायको काही म्हणायची नाही, शेजारणीला सांगायची. "आमच्याकडे भूकंप आला ना, तर त्यालाच ओशाळल्यासारखं होईल, इतकी तयारी आहे."

तयारी होती खरी. झोपताना चपला दाराकडे तोंड करून. उशाशी बॅटरी, बॅटरीशेजारी बॅटरीचे सेल. खुंटीला दोर. दर रविवारी गॅसच्या नळीला साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघायचे. भाच्याच्या लग्नात हॉलचे बाजूचे दार जास्तीच्या खुर्च्या रचून बंद केलेले त्यांना दिसले आणि नव्या कपड्यांनिशी ते एकेक खुर्ची हलवायला लागले. लेक जवळ येऊन दातओठ खात म्हणाली, "बाबा, आजच्या दिवस तरी नको ना!" ते म्हणाले, "झालंच, आठ राहिल्यात." त्या लग्नाच्या फोटोंत मास्तर दोनदा दिसतात. दोन्ही वेळा पाठमोरे.

असा माणूस सोबतीला कटकटीचा असतो, हे कबूल करायला हवे. त्यांच्याबरोबर कुठेही बसायचे म्हणजे आधी ते कुठे बसायचे हे ठरवणार. पण तलावावर त्यांच्या कटकटीला एक आकार होता. तो आकार म्हणजे फळा.

खोल बाजूच्या भिंतीवर लाकडी फळा होता आणि त्यावर एक ते शंभर खिळे. आत येताना खिडकीवर कपाटाची किल्ली आणि त्याच नंबरचा पितळी बिल्ला मिळायचा. पाण्यात उतरण्यापूर्वी बिल्ला आपल्या खिळ्याला टांगायचा, बाहेर आल्यावर काढायचा. दर अर्ध्या तासाने मास्तर शिट्टी मारत, सगळ्यांनी कडेला हात लावून थांबायचे. मास्तर डोकी मोजत, मग बिल्ले मोजत. दोन्ही आकडे जुळले की दुसरी शिट्टी. ही पद्धत त्यांनी स्वतः सुरू केली होती. खिळेसुद्धा त्यांनीच ठोकले होते. आधीच्या व्यवस्थापकांनी हो म्हटले नव्हते आणि नाही म्हणायला त्यांना वेळ मिळाला नव्हता. सरकारी कामात याला मंजुरी म्हणतात.

लोक वैतागायचे. "मास्तर, आत्ताच तर मोजलंत!" "मास्तर, व्याजासकट मोजा, एखादा जास्त निघेल." एक जाडजूड वकील दर वेळी दोन हात वर करून ओरडायचे, "माझे दोन धरा!" मास्तर हसत नसत. हसले की आकडा चुकतो.

या फळ्यामुळे बावीस वर्षांत एकही जीव वाचला असा पुरावा नाही. वाचला नाही, असाही नाही. घडले नाही त्याचा पंचनामा होत नसतो.

चौकशी ज्यावरून झाली त्या दिवशी पहाटेपासून पाणी गाळायचे यंत्र बंद होते, त्यामुळे पाणी गढूळ होते आणि खोल बाजूचा तळ दिसत नव्हता. मास्तरांनी सकाळीच व्यवस्थापकांना सांगितले, आज पाळ्या बंद ठेवू. व्यवस्थापक म्हणाले, "मास्तर, लोक पोहायला येतात, तळ बघायला नाही." सहा वाजता पाळी संपल्याची शिट्टी झाली. माणसे बाहेर आली, बिल्ले निघाले, किल्ल्या खिडकीवर जमा झाल्या. फळ्यावर एक बिल्ला राहिला. एकतीस.

मास्तरांनी हाक मारली. कपडे बदलायच्या खोल्या पाहिल्या, बायकांच्या बाजूला मदतनीस बाईंना पाठवले. कुणी नाही. बाई परत आल्या त्या धापा टाकत. एकतीस नंबरचे कपाट कुलूपबंद होते आणि किल्ली जमा नव्हती. म्हणजे कपडे आत, बिल्ला खिळ्यावर आणि माणूस नाही.

"जादा किल्ल्या?" मास्तरांनी विचारले.

"साहेबांच्या कपाटात."

"मग आणा."

"साहेबांच्या कपाटाची किल्ली साहेबांकडे. साहेब मीटिंगला."

मास्तरांनी बाईंना अग्निशामक दलाला फोन करायला सांगितले, पुढच्या पाळीला फाटकाबाहेरच थांबवले आणि पाण्यात उडी घेतली. बरोबर दुसरा जीवरक्षक होता, नवा, दमाचा. दोघांनी तलावाचे पट्टे वाटून घेतले. बुडी मारायची, तळ हातांनी चाचपत जायचे, वर यायचे, श्वास घ्यायचा, एक हात पुढे सरकायचे. दुसरा जीवरक्षक वीस मिनिटांनी कडेला बसून ओकला. मास्तर चाळीस मिनिटे बुड्या मारत राहिले. शेवटी शेवटी त्यांच्या उजव्या कानातून रक्त येत होते, पण ते पाण्यात मिसळत असल्यामुळे कुणाला कळले नाही. त्यांनाही नाही.

अग्निशामक दलाचे लोक आले. त्यांच्यातल्या एकाने पहिली गोष्ट केली ती पहारीने एकतीस नंबरचे कपाट फोडण्याची. कपाट रिकामे होते.

बाहेर फाटकाशी तासभर उभे राहिलेल्या लोकांनी त्याच संध्याकाळी तक्रार लिहिली. अडतीस सह्या झाल्या. वकीलसाहेबांनी दोन्ही हात वर न करता एकाच हाताने सही केली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता एक मुलगी खिडकीवर आली. कॉलेजातली, पाठीला सॅक. "सॉरी हं, काल किल्ली माझ्याकडेच राहिली. क्लासला उशीर होत होता, बिल्ला काढायचं पण विसरले. आणि कपाटाला कुलूप का लावलं देव जाणे, सवयच आहे. रिकाम्या डब्यालापण झाकण लावते मी."

मदतनीस बाईंनी तिला सगळे सांगितले. एकही तपशील गाळला नाही. मुलगी रडवेली होऊन खोल बाजूला गेली. मास्तर कानात कापूस घालून फळ्याखाली स्टुलावर बसले होते. ती उजव्या बाजूने काहीतरी बोलली, त्यांना ऐकू आले नाही. मग समोर येऊन उभी राहिली.

"काका, एकतीस नंबर मी."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. ओरडतील म्हणून ती मान खाली घालून थांबली. शेवटी ते म्हणाले, "बरं झालं."

चौकशी समिती तिघांची. अध्यक्ष एक निवृत्त अधिकारी, सदस्य एक डॉक्टर आणि व्यवस्थापक स्वतः. यंत्र बंद असताना तलाव का उघडला हा प्रश्न समितीच्या कक्षेबाहेर होता. मास्तर असे का आहेत, एवढाच कक्षेत होता.

"तुमच्या घरात कुणी बुडालं होतं का?" डॉक्टरांनी हळुवारपणे विचारले.

"नाही."

"लहानपणी? मित्र वगैरे?"

"नाही साहेब."

"आग? अपघात? काहीतरी असेल. आठवून बघा."

मास्तरांनी खरेच आठवून बघितले. "नाही."

समितीचा विरस झाला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, हे सगळ्यांना समजते. त्याची कीवही येते. या माणसाचे तोंड कधी पोळलेच नव्हते. उगाच फुंकत होता. अशा माणसाची कीव करता येत नाही, मग राहते काय, तर त्याचा राग.

"मग ही भीती आली कुठून?" अध्यक्षांनी विचारले.

"भीती नाही साहेब. मोजणी आहे."

व्यवस्थापकांनी घसा साफ केला. "हे बघा मास्तर, तुमच्यावर कुणाचा राग नाही. राईचा पर्वत झाला, होतं कधी कधी. फळा काढून टाकू, लोकांना उगाच धास्ती बसते. आणि एक लिहून द्या, की यापुढे माझ्या परवानगीशिवाय तलाव रिकामा करणार नाही. मग काठावरची नोकरी आहे तशी चालू. नाहीतर फाटकावर बदली करावी लागेल."

"तुम्ही मीटिंगला असलात तर?"

"फोन करायचा."

"फोन लागला नाही तर?"

"बघा!" व्यवस्थापक अध्यक्षांकडे वळले. "बघितलंत? हेच. हेच म्हणत होतो मी."

विचार करायला दोन दिवस मिळाले. घरी तो कागद जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या तांब्याखाली पडून होता. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, चार वर्षं राहिलीत. द्या ना लिहून. जगाला वाचवायचा ठेका घेतलाय का तुम्ही?" त्यांनी फोन डाव्या कानाला लावला होता, त्यामुळे सगळे नीट ऐकू आले.

बायको भांडी पुसत होती. "सही करा," ती म्हणाली. "आणि मोजा की मनातल्या मनात. मनावर कुणाची परवानगी लागते?"

"मनात ऐंशी मावत नाहीत," मास्तर म्हणाले. "वीसपर्यंत जमतं. मग कुणीतरी बुडी मारतं, कुणीतरी बाहेर येतं, आणि आपण मोजलेलाच परत मोजतो. मग आकडा जुळल्यासारखा वाटतो. जुळलेला नसतो. न मोजणाऱ्याला निदान माहीत असतं की आपण मोजलेलं नाही."

बावीस वर्षे ती शेजारणीला गमती सांगत आली होती, पण फळा म्हणजे नेमके काय हे तिने कधी विचारले नव्हते. तिने फडके खांद्यावर टाकले.

"आणि सही केल्यावर खरंच कुणी खाली राहिलं, तर?"

"तर मी काठावर असेन. फोन लावत."

तिने हात कोरडे केले. मग तांब्या उचलला, कागदाची घडी घातली. "नका करू मग," ती म्हणाली. "फाटकावर सावली असते का?"

"दुपारनंतर असते."

फाटक तलावाचे एकट्याचे नाही. त्यातून व्यायामशाळेत जाणारे जातात, वाचनालयात जाणारे जातात, आणि कुणीच कुठे चाललोय हे सांगत नाही. त्यामुळे तिथे बसून पाण्यातली माणसे मोजता येत नाहीत. मास्तरांनी पहिल्या आठवड्यात प्रयत्न केला आणि सोडून दिला. फळ्याच्या जागी व्यवस्थापकांनी हसऱ्या कुटुंबाचे मोठे चित्र लावले. कुटुंब पाण्यात आहे. खिळे फळ्यासकट निघाले, बिल्ले भंगारात गेले. कपाटाच्या किल्ल्या मात्र मिळतात. कपाटातल्या वस्तू चोरीला जाऊ नयेत ही काळजी सगळ्यांनाच पटते.

येणारेजाणारे थट्टा करतात. थट्टेत वाईट हेतू नसतो. "मास्तर, जिवंत आहे हं अजून!" असे वकीलसाहेब जाताना ओरडतात, पण ते कधी उजव्या बाजूने ओरडतात आणि वाया जाते.

बदली होऊन महिना झाला असेल. चारच्या सुमाराला ती सॅकवाली मुलगी फाटकाशी थांबली. खुर्चीला वळसा घालून डाव्या बाजूला आली.

"काका, मी पाण्यात चाललेय."

मास्तरांनी वर पाहिले. "मला कशाला सांगतेस? मी काय आता तिकडे नसतो."

"माहितीये. सहाला बाहेर येईन."

"पाचला ये. सहाला गर्दी असते." मग म्हणाले, "आणि आलीस की सांग."

ती सहा वाजून पाच मिनिटांनी आली, केस ओले. "काका, मी बाहेर." मास्तरांनी मान हलवली आणि त्यानंतरच पाण्याची बाटली तोंडाला लावली. त्या दोन तासांत ते खुर्चीवरून उठले नव्हते. व्यायामशाळेचा शिपाई तीनदा चहाला बोलावून गेला होता.

तेव्हापासून ती रोज सांगते. तिने मैत्रिणींनाही सांगून बघितले. त्या "हो हो" म्हणाल्या. दोघींनी दोन दिवस केलेही, मग त्यांना हसू यायला लागले. एका दिवशी ती आलीच नाही तेव्हा दुसऱ्या दिवशी मास्तरांनी तिला दटावले, की येणार नसशील तर आदल्या दिवशी सांगत जा. ती म्हणाली, "काका, मी आलेच नव्हते, म्हणजे पाण्यात नव्हतेच ना!" मास्तर म्हणाले, "ते तुला माहीत."

समितीचा अहवाल सूचनाफलकावर काचेआड लावलेला आहे. त्याच्या शेवटच्या परिच्छेदात असे म्हटले आहे की, सदर कर्मचाऱ्याच्या बदलीनंतर तलावावरील वातावरण मोकळे झाले असून सध्याची सुरक्षाव्यवस्था पुरेशी व समाधानकारक आहे.

संध्याकाळच्या पाळीला साधारण ऐंशी माणसे पाण्यात उतरतात. त्यांतल्या एकीची मोजणी होते.