चार मात्रांची जागा

“तुमच्या देशात सध्या तुरुंगात कोण आहे?”

नवा माणूस भेटला की उस्ताज इद्रिस त्याला पहिला प्रश्न हाच विचारत. आपण गावाकडच्या माणसाला पाऊसपाणी विचारतो तितक्या सहज. मनामाच्या बाजारात हा प्रश्न ऐकून शेजारचा शिंपी सुईत दोरा ओवायला लागायचा, बेकरीवाला दुसरीकडे बघायचा. मला त्यांनी तो विचारला तेव्हा मी बहरीनला येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. हातात उघडलेला टेपरेकॉर्डर होता.

“कोणी नाही,” मी म्हणालो.

“आणीबाणी आहे ना तुमच्याकडे? मग कोणी नाही कसं?”

खरं तर होते. कणकवलीजवळच्या आमच्या शाळेतले सावंत मास्तर आठ महिने आत होते. निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घरावरून गेलो, पण पायरी चढलो नाही. मास्तरांची बायको अंगणात होती. पासपोर्ट नुकताच हातात पडला होता, उगाच कोणी बघायला नको म्हणून मी सायकलवरून उतरलोसुद्धा नाही. का कोण जाणे, हे सगळं मी त्या अनोळखी काळ्या माणसाला मोडक्या इंग्रजीत सांगून टाकलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि हात पुढे केला. “आता ओळख झाली,” म्हणाले.

बाब अल बहरीन या वेशीच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान होतं. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्ती, शिवाय कॅसेटच्या कॉप्या करून देणं. मालक बहरीनी. आम्ही त्याला अरबाब म्हणायचो. तो आठवड्यातून एकदा चक्कर मारायचा, बाकी सगळं माझ्यावर. इद्रिस दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आमची पाटीही त्यांनीच रंगवली होती, निळ्यावर पांढरी अक्षरं, एकसुद्धा ओघळ नाही. सुदानमधल्या अतबरा नावाच्या रेल्वेच्या गावात ते मूळचे भूगोलाचे मास्तर. म्हणून सगळे त्यांना उस्ताज, म्हणजे गुरुजी, म्हणत. आणि गाणारे. माझं सदानंद हे नाव त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून ते मला नुसतं ‘साद’ म्हणायचे. मराठीत याचा अर्थ हाक असा होतो हे सांगितल्यावर खूश झाले. “मग तुला बदलायला नको,” म्हणाले.

ते वाजवत ते वाद्य म्हणजे ऊद. आपल्याकडे ऊद म्हटलं की धूप आठवतो. हे फुगीर पोटाचं, आखूड मानेचं तंतुवाद्य. त्यांच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं मिटत नसत. गाण्यापायी झालेल्या तुरुंगवासात ती मोडली होती. बाकीच्या बोटांवर सगळं गाणं त्यांनी पुन्हा बसवलं होतं. मी एकदा चाचरत विचारलं तर म्हणाले, “अडाणी माणसं होती. गाणं गळ्यातून येतं हे कोणी त्यांना शिकवलंच नव्हतं.” कडवट बोलताना त्यांचा आवाज अगदी वर्गातल्या मास्तरासारखा व्हायचा, जणू कुठल्या नदीचा उगम कुठे तेच सांगताहेत.

त्यांचं एक गाणं होतं. वडील इंजिन ड्रायव्हर, थोरला भाऊही. भाऊ संपात पुढे होता. एके दिवशी त्याला घेऊन गेले तो परत आलाच नाही. गाणं इतकंच: गाडी आली, डबे आले, दिवा आला, शिट्टी आली, ड्रायव्हर कुठे आहे? या प्रश्नानंतर उस्ताज चार मात्रा थांबत. नुसती शांतता. त्या जागेत ऐकणाऱ्यानं आपल्या घरातल्या नाहीशा झालेल्या माणसाचं नाव घ्यायचं. मग पुढचं कडवं. असे नऊ वेळा थांबे. सुदानात हे गाणं म्हणायला बंदी होती. उस्ताज म्हणत, “गाण्यात त्यांच्या नावानं एक शिवी नाही. मी फक्त पत्ता विचारतो. त्याचीच त्यांना भीती.”

शुक्रवारी दुपारी बाजार बंद असायचा. तेव्हा आम्ही दुकानाचं शटर आतून ओढून रेकॉर्डिंग करायचो. एसीची घरघर टेपवर येते म्हणून तो बंद. जुलै महिन्यात ओले टॉवेल खांद्यावर टाकून बसायचो. घाम ऊदवर पडू नये म्हणून ते मान तिरकी धरून गायचे. पाच सुरांचंच गाणं, आपल्या भूपाच्या जवळचं. मला ते परकं कधी वाटलंच नाही. एकेक ओळ मला ते समजावून सांगायचे, फळा नसल्यामुळे पुठ्ठ्यावर खडूनं लिहून. वर्षभरात ते गाणं मला शब्दन् शब्द पाठ झालं.

पहिल्याच शुक्रवारी, गाण्याच्या तिसऱ्या थांब्यावर त्यांनी माझ्याकडे बोट केलं. टेप फिरत होती. माझ्या तोंडून नाव गेलं, “सावंत मास्तर.” ते त्या मूळ टेपवर राहिलं. मी पुसून पुन्हा घेऊया म्हणालो तर रागावले. “मास्तर आहेत ना आत? मग टेपवर राहू देत.”

त्या टेपवरून मी कॉप्या काढायचो, पण माझा आवाज येतो तेवढी जागा कोरी सोडून. बंदरावर येणारे सुदानी खलाशी त्या घेऊन जात. कस्टमवाल्यांना वाचता येऊ नये म्हणून कॅसेटवर माझ्या लिपीत काहीतरी लिही, असं उस्ताजच म्हणाले. मी लिहिलं, ‘भजनसंग्रह, भाग पहिला’. अर्थ सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली. “खोटं नाही लिहिलंस.”

माझ्या खोलीत गुहागरकडचे दोघं आणि मालवणचा भिकू असे तिघं होते. भिकू ड्रायव्हर. त्याला याचा वास लागला होता. “मेल्या, व्हिसा रद्द झालो तर खय जातलंस?” तो म्हणायचा. “दोन चेडवां आसत तुका. त्या काळ्याचा गाणा आणि तुझा काय?” मी हसण्यावारी न्यायचो. धाडस केल्याचा आनंद होता त्यात, खोटं कशाला बोलू? काहीच झालेलं नसतं तोवर माणूस फार शूर असतो.

उस्ताजांनी मला ओळखलं असावं. एका शुक्रवारी टेप बंद केल्यावर म्हणाले, “साद, आज ना उद्या तुला विचारतील. तेव्हा सांगून टाक. मार खाऊ नकोस, तुला मुली आहेत. पण एक दुपार काढ. आठवत नाही म्हण, चक्कर आली म्हण. दुपारभर तू परत आला नाहीस की मला कळेल. बंदरावर माझी माणसं आहेत. मी होडीत असेन.”

“एकच दुपार?”

“एकच. जास्त मी कोणाकडेच मागत नाही.”

मी त्यांच्या हातावर हात ठेवून कबूल झालो.

अशी चार-पाच वर्षं गेली. आमच्याकडची आणीबाणी कधीच उठली होती आणि सावंत मास्तर सुटून पुन्हा शाळेत गणित शिकवत होते. मग एक दिवस मला बोलावणं आलं. कोणत्या कार्यालयातून ते लिहीत नाही. सकाळचे दहा वाजले होते. खोली थंडगार, टेबल स्वच्छ, समोरचा साहेब माझ्याच वयाचा. इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. टेबलावर एक कॅसेट. भजनसंग्रह, भाग पहिला.

“ही हिंदी आहे का?” त्यानं विचारलं.

“मराठी.”

“सुंदर अक्षर आहे. तुमचं?”

“हो.”

त्यानं चहा मागवला. साखर किती ते विचारलं. मुली केवढ्या आहेत, शाळेत जातात का, हेही विचारलं. मुलींना इकडे आणायचा विचार आहे का? व्हिसाचं काम अवघड नसतं म्हणाला. नंतर कपात चमचा फिरवत विचारलं, “हा गाणारा राहतो कुठे?”

तो ओरडला नाही. कोणी दार लावलं नाही. मारणं सोडाच, मला त्यानं उभंही ठेवलं नव्हतं. मी म्हणालो, “नईम मोहल्ल्यात, भट्टीच्या मागे, हिरवा दरवाजा.” कपातला चहा अजून गरम होता. एक दुपार जाऊ दे, मी त्यांना पाव तासही दिला नाही.

“शुक्रन,” साहेब म्हणाला. “यल्ला, तुम्ही जा आता.”

बाहेर आलो तेव्हा ऊन चढत होतं. तिथून नईम चालत दहा मिनिटं. मी धावलो असतो तर सहा. साहेब फोन करणार, माणसं गाडीत बसणार, गल्ल्या अरुंद. उस्ताज कदाचित निसटले असते. मी हा हिशेब तेव्हाच, फुटपाथवर उभा राहून केला. आणि दुकानाकडे वळलो. कारण मूळ टेपवर माझा आवाज होता.

दुकानात जाऊन ती टेप मशीनवर चढवली आणि तिच्यावर सिनेमाची गाणी भरायला लावली. एका बाजूनं कोणीतरी नाचाचं गाणं म्हणत होतं आणि दुसऱ्या बाजूनं उस्ताज जात होते. टेपवरचं जुनं पुसलं जाताना आवाज होत नाही. खलास.

दुपारी ते त्यांना घेऊन आले, दुकान दाखवायला. दोन माणसं आणि मध्ये उस्ताज. शर्टाच्या बाहीवर निळा रंग लागलेला, म्हणजे घरी पाटी रंगवत असतानाच उचललं असावं. कपाट उघडलं, कॅसेट खाली ओतल्या. एकानं मला इंग्रजीत विचारलं, “याला ओळखतोस?”

“गिऱ्हाईक आहे,” मी म्हणालो. “पाट्या रंगवतो.”

उस्ताजांनी माझ्याकडे बघितलं. मग फिरणाऱ्या मशीनकडे. पाच वर्षं त्या मशीनसमोर बसलेला माणूस. कोणती टेप लावली आहे हे त्यांना रिळाच्या लाल पट्टीवरून कळलं असणार. मी वाट बघत होतो. मनात म्हणत होतो, शिवी द्या, थुंका, काहीतरी करा.

ते त्या माणसांना अरबीत म्हणाले, “याला कशाला विचारता? हा हिंदी माणूस. याला अरबीचा एक शब्द येत नाही. मी काय गात होतो ते याला कधीच कळलं नाही.”

त्यांनी मला वाचवलं. आणि मी तिथे तोंड अर्धवट उघडं ठेवून, अरबी न कळणाऱ्या माणसासारखा उभा राहिलो. जाताना ते मागे वळले नाहीत. तीन दिवसांनी त्यांना त्यांच्या देशाच्या विमानात बसवलं, असं बाजारात ऐकलं. मुलींचा व्हिसा मात्र दोन महिन्यांत झाला. त्या बहरीनमध्ये वाढल्या, इंग्रजी शाळेत गेल्या. घरात मी मराठीत बोललो की इंग्रजीत उत्तर द्यायच्या. आमच्या सनाबिसच्या घरात मी कधी गुणगुणलो नाही. बाबांना गाण्याची आवड नाही, असंच त्या समजतात.

पंच्याऐंशी साली सुदानातली ती राजवट कोसळली. लोक रस्त्यावर उतरले होते, बातम्यांत दाखवत होते. मी दुकानातल्या मोठ्या रेडिओवर त्यांचं स्टेशन लावलं आणि एका संध्याकाळी ते गाणं लागलं. दुसऱ्याच कोणाच्या गोड आवाजात, मागे मोठा वाद्यवृंद. गाडी आली, डबे आले. कडवी नवाची चार केलेली. आणि प्रश्नानंतरची ती चार मात्रांची शांतता व्हायोलिननी भरून काढलेली. कोणालाही नाव घ्यायला जागाच उरली नव्हती. कवी म्हणून कोणाचं नाव सांगितलं नाही. लोकगीत म्हणाले.

पुढच्या वर्षी दुकानात एक उंच, सडपातळ तरुण आला. मी ओळखलंच, कपाळ अगदी तेच. उस्ताजांचा धाकटा भाऊ. इथे बंदरावर कामाला लागला होता. उस्ताज जाऊन तीन वर्षं झाली होती, तुरुंगातच, म्हणाला. प्रेत मिळालं नाही. आता वाद्यवृंदाचं गाणं सगळीकडे वाजतं, पण भावाच्या आवाजातलं कुठे नाही. ज्या कॅसेट पोचल्या त्या धाडींच्या भीतीनं लोकांनी विहिरीत टाकल्या.

“तुरुंगातून सुटलेल्या एकानं सांगितलं,” तो म्हणाला, “दादा म्हणायचा, मूळ टेप मनामाला सादकडे आहे. साद तुम्हीच ना?”

“मीच.”

“आहे ती?”

“मफी,” मी म्हणालो. “नाही.”

तो माझ्या चेहऱ्याकडे, मग माझ्या हातांकडे निरखून बघायला लागला. माझी दहाही बोटं काउंटरवर होती. पाठीवर, तळपायावर, जिथे दिसत नाही तिथे काही झालं असेल, असं त्याला वाटलं असावं. हळू आवाजात त्यानं विचारलं, “तुम्हाला फार मारलं का?”

मी बराच वेळ काही बोललो नाही. त्यानं त्याचा अर्थ लावला. मग मी मान हलवली. हो म्हणालो.

तो काउंटरला वळसा घालून आत आला. वाकून, दोन्ही हातांत माझं डोकं धरून त्यानं माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं. त्यांच्याकडे वडीलधाऱ्यांना असा मान देतात. आणि मी तो घेतला.