भाऊजींचा रामशेज

डोंगरावर जाऊनही डोंगर न चढणारा माणूस उभ्या नाशिक जिल्ह्यात एकच, तो म्हणजे माझे मोठे दीर. अंबडच्या एका कारखान्यात ते तयार माल तपासायचे. एरवी चारचौघांसारखेच. पण रविवार उजाडला की माझ्या साडेतीन वर्षांच्या लेकीला स्कूटरवर पुढे उभी करायची आणि रामशेजचा किल्ला गाठायचा, हे ठरलेलं. पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट. पोरगी तोवर एक अक्षर बोलली नव्हती. ऐकू यायचं, कळायचंही सगळं, पण तोंड उघडेल तर शपथ! 'तिच्याशी सतत बोला,' डॉक्टर म्हणाले होते. मग काय, पोळ्या लाटतानासुद्धा माझं तोंड चालूच. तिच्या तोंडून एकदा 'आई' ऐकायला जीव नुसता तडफडत होता.

भाऊजींचा नियम असा, की गडावर पोरगी पुढे आणि ते मागे. कडेवर घेणं नाही, बोट धरणं नाही. ती थांबली की तेही थांबायचे. "पुढचं मशीन थांबलं की मागची लाइन थांबते," हे त्यांचं शास्त्र. पोरगी एका शेणकिड्यापाशी तासभर बसायची, मग हेही बसायचे. माथा राहिला बाजूला, निम्मी वाटसुद्धा कधी झाली नाही. घरी आल्यावर तिच्या फ्रॉकच्या खिशातले दगड दोघं मिळून निवडायचे. लहान इकडे, मोठे तिकडे, फुटका असेल तो रिजेक्ट.

"अहो भाऊजी, डॉक्टरांनी बोलायला सांगितलंय आणि तुम्ही तिकडे गप्प बसता!"

"इथे तुम्ही सगळे बोलताच आहात. तिचा नंबर कधी लागायचा?"

एका सोमवारी सकाळी मी कुकर लावत होते, तेवढ्यात मागून पदर ओढला गेला. "आई." मी तिथेच फतकल मारून रडले. गल्लीभर पेढे वाटले. भाऊजींनीही दोन खाल्ले, वर साखर जास्त झाल्याचं सांगितलं.

परवा लेक पुण्याला होस्टेलवर गेली. घर खायला उठलं, म्हणून दिरांकडे जाऊन बसले आणि तो सोमवार पुन्हा सांगायला लागले. जाऊबाई भाऊजींकडे बघून हसल्या. "अहो, आता तरी सांगून टाका की त्यांना."

भाऊजी गुडघ्याला तेल चोळत होते. "आदल्या दिवशी गडावर बोलली होती. घरी येऊन सांगणार होतो, पण तुम्ही दारातच उभ्या होतात, तिच्या तोंडाकडे बघत. मग नाही सांगितलं."

मी खुर्ची पुढे ओढली. "काय म्हणाली होती?"

त्यांनी तेलाची वाटी खाली ठेवली. मग एवढ्या वर्षांनी, हुबेहूब तिच्या बोबड्या आवाजात म्हणाले, "काका, उथा. मुंग्यांना जायचंय."