जिभेनं उठवलेली वस्ती

पुलगावच्या मिलचा भोंगा वाजला की तिकडं रोहण्यात गाई पान्हा सोडतात, असं मी त्या काळी छातीवर हात ठेवून सांगत असे. ऐकणाऱ्यांना रोहणं किती लांब आहे ते पक्कं ठाऊक होतं, पण कोणी कधी गाईंची चौकशी करायला गेलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी कोणीतरी मलाच येऊन सांगायचा, "गुरुजी, गाईचं सोडा, मी आयकलं का तिथल्या म्हशीबी सोडते."

मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो. वय पंचविशीच्या आत, आवाज डोंगरावरून हाक मारावी असा. स्टेशनासमोरच्या चहाच्या हॉटेलात भिंतीलगतचं बाक माझं. शाळा सुटली की मी तिथं बसायचो, आणि मी बोलू लागलो की शेरभर भजी जास्त खपायची. म्हणून हॉटेलवाला मला चहा फुकट पाजायचा. गावातलं काही कोणाला विचारायचं असेल तर लोक म्हणायचे, गुरुजीले इचारा. खरं विचारायचं असेल तरीही तेच म्हणायचे. सगळा घोटाळा तिथंच होता.

गावात तेव्हा बाहेरून आलेल्यांच्या दोन वस्त्या होत्या. रुळाच्या अलीकडं लढाईच्या काळातल्या दोन बराकी होत्या, त्यांत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं राहायची. रुळाच्या पलीकडं नाल्याच्या काठानं छत्तीसगढी मजुरांच्या झोपड्या. दोघंही रेल्वेनंच आले होते, दोघांच्याही हातात गाठोडंच होतं. आता सात-आठ वर्षांत सिंध्यांची बाजारात तीन दुकानं झाली होती आणि छत्तीसगढी मात्र अजून घमेलीच उचलत होते. असं का, हा प्रश्न हॉटेलात दर आठवड्याला निघायचा, आणि उत्तर द्यायचं काम माझं.

"सिंधी आला," मी सांगायचो, "तेव्हा त्याच्या खिशात फक्त एक पापड होता. त्यानं काय केलं? तो आरशासमोर धरला. झाले दोन! दोन्ही विकले, आणि त्यात अजून एक आरसा घेतला."

"आन् छत्तीसगढी?" कोणीतरी विचारायचंच.

"त्याच्याजवळही पापड होता. त्यानं खाऊन टाकला आणि झोपला."

बाकं हलायची हसण्यानं. या गोष्टीत सगळ्यांत जास्त सुख आम्हा गावकऱ्यांना होतं, हे मला फार उशिरा कळलं. सिंध्याची बरकत म्हणजे लबाडी आणि छत्तीसगढ्याचं दारिद्र्य म्हणजे त्याची हौस, असं एकदा ठरलं की आपण कोणाचं काही देणं लागत नाही.

खरं काय ते मला दिसत होतं. आंधळा नव्हतो. बराकीतला एक सिंधी हॉटेलात पापड द्यायला यायचा. पन्नाशीचा, सडपातळ, टोपी नेहमी सरळ. तिकडं सिंधमध्ये त्याची शेती होती, विहीर होती, आणि तो सगळं मागं टाकून आला होता. त्याची बायको उजाडायच्या आत पापड लाटायला बसायची, आणि तो कारंज्याच्या बाजारापर्यंत रिबिनी, दोरे, आरसे विकत फिरायचा. एकदा मी त्याच्या घरी गेलो तर त्यानं आधी पाणी आणि भाजलेला पापड पुढं केला, मग काम विचारलं. मात्र त्याच्याजवळ एक गोष्ट होती: निर्वासितांच्या छावणीचा शिक्का मारलेला कागद. तो कागद दाखवला की बराक मिळाली, दुकानाचा परवाना मिळाला. शिवाय माल द्यायला नागपुरात एक नातलग होता.

छत्तीसगढ्यांजवळ कागद नव्हता. मिळणार कसा? राज्यं नव्यानं आखली जाण्याच्या आधीची ही गोष्ट. ते आणि आम्ही तेव्हा एकाच राज्यातले. जो देश ओलांडून आला त्याची नोंद झाली; जो चार जिल्हे ओलांडून आला तो कुठून आला, कधी आला, कोण विचारतो? नागपुरात त्यांचा नातलग असलाच तर तोही घमेलंच उचलत होता.

त्यांच्यातली एक बाई आमच्या शाळेच्या नव्या खोलीच्या बांधकामावर रेजा म्हणून कामाला होती. चुन्याचं घमेलं डोक्यावर घेऊन ती शिडी अशी चढायची की मी मुलांना सांगायचो, ही बाई एकदा चुकून शिडीच्या वर आणखी चार पावलं चढून गेली होती, मग खाली पाहिलं तेव्हा उतरली. तिचा नवरा, वस्तीतल्या बाकीच्या पुरुषांसारखाच, लष्कराच्या डेपोच्या तारेच्या आत बांधकामावर; आठ-आठ दिवस बाहेर यायचा नाही. झोपडी तिनं एकटीनं उभी केली होती. कुडाच्या भिंती, छपराला मातीचे कवेलू, आणि भिंतींना पांढऱ्या छुई मातीचा हात असा की उन्हात डोळे दिपावेत. आमच्या शाळेची भिंत त्याच्यापुढं आजारी वाटायची.

पोळा सरला आणि ती माझ्याकडं आली. पदर खोचलेला, हाताला चुना.

"गुरुजी, मी तीजाले माहेरी चालली. भाऊ आला घ्याले." हरतालिकेच्या त्या सणाला त्यांच्याकडं तीजा म्हणतात, आणि लग्न झालेल्या पोरी त्यासाठी माहेरी जातातच, एखादी न गेली तर तिचं माहेर मेलं असं समजतात. "समद्याच बाया चालल्या. पन आयकलं का साहेब येनार हाय, जागेचे पट्टे देनार हाय."

"येणार आहे खरं," मी म्हणालो.

"मंग तुमी बताव्जा. नाल्याजवळची पांढरी झोपडी आमची हाय. सात सालापासून हाय. मोर घर हे." शेवटचं, माझं घर आहे हे, ती तिच्या बोलीत बोलली, आणि मग हसली.

"तू बिनधास्त जा. साहेबाला असं सांगतो की तो तुला राजवाड्याचा पट्टा लिहून देईल."

"राजवाडा नको. तेवढं झोपडीचं बताव्जा."

झोपडीला कुलूप नव्हतं, म्हणून तिनं भांडी त्या पापडवाल्या सिंधिणीकडं ठेवली, अंथरूण गुंडाळून दोरीनं आढ्याला बांधलं, चूल सारवली, दाराला तट्ट्या लावला आणि ती गेली. सगळ्याच बायांनी तसंच केलं. चूल सारवून जाणं म्हणजे परत येऊन पेटवणार, एवढं कोणालाही कळावं. मला तरी कळत होतं.

साहेब आला तो गणपतीच्या एक-दोन दिवस आधी, भर दुपारी. जमिनीच्या खात्यातला, तरुण, नागपूरकडचा, बूट चिखलानं भरलेले. आधी बराकी पाहिल्या, मग नाला ओलांडून झोपड्या पाहून आला आणि घाम पुसत हॉटेलात बसला. शाळेला सुट्टी होती, मी होतोच. पापडाची टोपली घेऊन तो सिंधीही दारात उभा होता.

"त्या पलीकडच्या झोपड्यांत कोणी राहतं की नाही?" साहेबानं विचारलं. "भांडं नाही, अंथरूण नाही, माणूस नाही."

हॉटेलवाला म्हणाला, "आमच्या गुरुजीले इचारा साहेब. त्याइले समदं मालूम रायते."

सगळी बाकं माझ्याकडं वळली. साहेबही वळला. आता एवढंच सांगायचं होतं: सणाला गेल्यात, चार दिवसांत येतील. पण त्या वाक्यावर कोण हसतं?

"साहेब," मी म्हणालो, "ती माणसं नाहीत, पाखरं आहेत."

साहेबाचा कप तोंडाशी थांबला. मला तेवढंच पुरलं.

"सकाळी झोपडी बांधतात, संध्याकाळी घडी घालून बगलेत मारतात. मागल्या वर्षी वादळात एक झोपडी उडाली ती थेट आर्वीच्या बाजारात उतरली. मालक आत झोपलेलाच! सकाळी उठला, तट्ट्या सरकवला, बाहेर भाजीवाले. तर काय करावं त्यानं? परत आला? अजिबात नाही. म्हणाला, आता आलोच आहोत तर इथंच काम पाहू!"

हॉटेल कोसळलं. साहेबाच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी बाकावर उभा राहून झोपडीचं उडणं, डुलणं, उतरणं सगळं करून दाखवलं.

तेवढ्यात सिंधी पुढं आला. त्याला हसू आलं नव्हतं. "साईं," तो साहेबाला म्हणाला, "वो बाई के बर्तन मेरे घर में रखे हैं. मेरी घरवाली को दे के गई है. तीज के लिए गई है. वापस आएगी, पक्का आएगी."

पुरावा होता तो. पितळेची दोन आणि जर्मनची चार भांडी. साहेब उठून बघून आला असता तर काम झालं असतं. साहेबानं हसणं थांबवून त्याच्याकडं पाहिलंही. आणि मी बाकावरून खाली उडी मारली. त्या बाईची आठवण आली म्हणून नाही. हसणं थांबलं म्हणून.

"ऐका साहेब!" मी ओरडलो. "बाईनं गाव सोडलं नाही तोच यानं तिची भांडीसुद्धा घेऊन टाकली! उद्या जाऊन चूल उचलून आणेल, परवा त्याच्या दुकानात टांगलेली दिसेल!"

पहिल्यापेक्षा मोठं हसू उसळलं. सिंध्यानं माझ्याकडं पाहिलं आणि एकदाच "मास्टरजी" म्हटलं. टोपली तिथंच ठेवून तो गेला. साहेबानं वहीत काहीतरी लिहिलं आणि जाताना माझ्या खांद्यावर थाप मारली.

तीजा करून ती परतली तेव्हा नवं लुगडं नेसून आली होती. माझ्यासाठी फडक्यात बेसनाची ठेठरी बांधून आणलेली.

"साहेब आलता काय गुरुजी?"

"आलता."

"बतावलं काय त्याले?"

"बतावलं."

दोन्ही उत्तरं खरी होती. जन्मात मी एवढं खरं कधी बोललो नव्हतो. ठेठरी मी तिच्यासमोर खाल्ली. ती कुरकुरीत होती हे मला सांगायला लाज वाटते.

तीन-चार दिवस मी हॉटेलात गेलो नाही. मग रजा टाकली आणि पॅसेंजरनं वर्ध्याला साहेबाच्या कचेरीत गेलो. गाडीत वाक्यं पाठ केली: साहेब, मी थट्टा केली, त्या बाया राहतात, नावं लिहून घ्या. एवढी तयारी मी ट्रेनिंगच्या परीक्षेलाही केली नव्हती. साहेबाच्या खोलीत शिरलो तर तो उभाच राहिला.

"अरे, या, या! मी सांगितलं होतं ना, पुलगावचे मास्तर, ते हेच!" शेजारच्या खोलीतले दोन कारकून आले, एक मोठे साहेबही आले. चहा आला. "ती झोपडीची गोष्ट सांगा हो. आर्वीवाली."

"साहेब, त्याबद्दलच बोलायला आलो होतो—"

"आधी गोष्ट! मग बाकी."

आता वाचणाऱ्यानं मला काय म्हणायचं ते म्हणावं. मी गोष्ट सांगितली. नुसती सांगितली असंही नाही. या खेपेला झोपडी आर्वीवर न थांबता अमरावतीपर्यंत गेली, आणि वाटेत कारंज्याला एका ट्रकवाल्यानं तिला बाजू दिली. मोठे साहेब टेबलावर पडून हसले. सगळे गेल्यावर मी म्हणालो, "पण साहेब, हे खोटं आहे. त्या बाया तिथं राहतात. सात वर्षं झाली."

साहेब डोळे पुसत म्हणाला, "खोटं आहे हे मला कळत नाही का, मास्तर? झोपड्या उडतात थोड्याच? पण मी स्वतः पाहून आलो ना, रिकाम्या होत्या. 'हंगामी मजूर' म्हणून कागद पुढं गेलाय." आणि मला सोडायला तो दारापर्यंत आला. इतकी वाक्यं पाठ करून गेलो होतो, पण पायरी उतरताना मला एकही आठवेना.

दिवाळीनंतर बराकीवाल्यांना पट्टे मिळाले. नाल्याकाठची जागा मोकळी करायचा हुकूम आला, आणि छत्तीसगढी वस्ती उठली. ती बाई नदीकडच्या वीटभट्टीवर गेली. तिथं भट्टी पेटलेली असेपर्यंत राहायचं, विझली की निघायचं. म्हणजे माझ्या तोंडून निघालेली ती थाप साहेबाच्या कागदानं खरी करून दाखवली. सात वर्षं एका जागी राहिलेली बाई हंगामी झाली.

झोपडी उतरवली त्या सकाळी मी शाळेआधी तिकडं गेलो. सिंधी तिथं आधीच होता. रात्रीचा थंडपणा कवेलूंवर होता. तो एक-एक कवेलू खाली घेऊन नीट रचत होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. बाई कुडाचे बांबू सोडवत होती, भिंतीची पांढरी माती पायाशी गळून पडत होती.

"मी बतावलं नाही," मी म्हणालो. "म्हणजे बतावलं, पण भलतंच. तुझ्या झोपडीची थट्टा केली."

"मालूम हाय." तिचे हात थांबले नाहीत.

"कधीपासून?"

"आली त्याच दिशी. याच्या घरवालीनं सांगतलं, भांडे न्याले गेलती तवा."

म्हणजे मी "बतावलं" म्हणालो आणि तोंड हलवत उभा राहिलो, तेव्हाच नाही तरी त्याच संध्याकाळपासून ती सगळं जाणून होती. त्यानंतर दोन महिने ती माझ्या शाळेच्या भिंतीला चुना वाहत होती, रोज "राम राम गुरुजी" म्हणत होती.

"मंग मले बोलली काऊन नाई?" मी विचारलं. घाबरलो की मी माझ्या घरच्या बोलीत बोलतो.

तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. रागानं नाही. एखादी अडचण समजावून सांगावी तसं म्हणाली, "तुमी बोलून राह्यले होते न गुरुजी. तुमी बोलत असले मंग दुसऱ्या कोनाचं कोन आयकते?"

ती म्हणाली, "हा बांबू धरा जरासा." मी धरला. तिनं दुसऱ्या टोकाची गाठ सोडली, सिंध्यानं तो माझ्या हातातून घेतला आणि गाडीवर टाकला. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. तिकडून शाळेची घंटा ऐकू आली.

"जा गुरुजी," ती म्हणाली, "पोट्टे वाट पाहात असन."

अजून अर्धी झोपडी उभी होती. मी हात झटकले आणि गेलो.